खामती टोपी कशी घडते: वेत आणि बांबूच्या पट्टीपासून काठाच्या बांधणीपर्यंत

अरुणाचल प्रदेशाच्या पूर्व टोकाला, लोहित आणि तेंगापानी या नद्यांच्या काठच्या सखल प्रदेशात खामती किंवा खाम्प्ती या नावाने ओळखला जाणारा ताई भाषिक समाज राहतो. आजच्या म्यानमारमधील पुताओच्या खोऱ्यातून, म्हणजे जुन्या खामती लाँगमधून, हे लोक अठराव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास डोंगर ओलांडून इकडे आले. येताना त्यांनी थेरवाद बौद्ध धर्म, स्वतःची लिपी आणि पाणथळ भातशेतीची पक्की जाण बरोबर आणली. २०१४ साली लोहित जिल्ह्यातून वेगळा झालेला नामसाई जिल्हा ही त्यांची मुख्य वस्ती आहे. डोंगरउतारावरच्या फिरत्या शेतीपेक्षा इथली शेती निराळी आहे. बांध घातलेली खाचरे, नांगर, चिखल, तासन्‌तास वाकून केलेली लावणी आणि वरून कधी पाऊस, कधी ऊन, असे हे काम आहे. रुंद काठाची टोपी ही या कामाची गरज आहे. आपल्याकडे कोकणात आणि मावळात लावणीच्या वेळी डोक्यापाठीवर इरले घेतले जाते, त्याची ही जवळची नातलग मानायला हरकत नाही.

अशी टोपी स्वतः विणून पाहू इच्छिणाऱ्यांसाठी, आणि न विणता निदान पारखून विकत घेऊ इच्छिणाऱ्यांसाठीही, हा लेख लिहिला आहे. त्यातला माझा मुख्य आग्रह आरंभीच नोंदवतो. टोपी विणताना घडत नाही, ती पट्टी काढताना घडते. एकसारख्या जाडीच्या आणि एकसारख्या रुंदीच्या पट्ट्या हाताशी असतील तर वीण दोन दिवसांत शिकता येते, आणि त्या नसतील तर उत्तम विणकराच्या हातूनही टोपी वाकडीच होते. त्यामुळे खाली पट्टीच्या तयारीला जास्त जागा दिली आहे.

आधी रचना समजून घ्यावी

अरुणाचलात वेताच्या टोप्या अनेक समाज करतात आणि त्या सगळ्या एका जातीच्या नाहीत. निशी, आदी, आपातानी यांच्याकडे घट्ट विणीच्या, कवटीला बिलगणाऱ्या, शिरस्त्राणासारख्या टोप्या आढळतात. त्यांचा जन्म जंगलातल्या वाटचालीसाठी, शिकारीसाठी आणि लढाईसाठी झाला. सखल भागातली शेतटोपी शंकूच्या आकाराची, पसरट आणि हलकी असते. असमिया शेतकऱ्याची जापी याच कुळातली आहे. म्यानमारचे शान आणि उत्तर थायलंडचे ताई लोक अशा टोपीला ‘कुप’ म्हणतात.

इथे जी टोपी घडवायची आहे तिची रचना तीन थरांची आहे. आत एक उघडी जाळी, तिच्यावर वाळलेल्या ताडवर्गीय पानांचा थर आणि पानांवर दुसरी उघडी जाळी, असे हे थर असतात. दोन्ही जाळ्यांचे काठ दोन कड्यांमध्ये धरून वेताच्या सालीने बांधले जातात. डोके टेकण्यासाठी आतून एक कडे असते, आपल्या चुंबळीसारखे. पाणी पान अडवते, आकार जाळी धरते, आणि वेत या सगळ्याला एकत्र ठेवतो. गावागावांत आणि हाताहातांत यात फरक पडतो, कुठे जाळीही वेताच्याच सालीची असते. वेताची जाळी अधिक लवचीक आणि टिकाऊ होते, पण वेताची पट्टी काढायला सराव लागतो. म्हणून पहिली टोपी बांबूच्या जाळीची आणि वेताच्या बांधणीची करावी, असे मी सुचवतो.

साहित्य

वेत आणि बांबू यांत गल्लत करू नये. बांबू बहुधा पोकळ असतो, तर वेत आतून भरीव असतो. वेत ही काटेरी ताडवर्गीय वेल असून ती आकड्यांच्या आधाराने झाडांवर चढते. ईशान्येत बारीक कामासाठी ‘जाती बेत’ या पातळ वेताला मान आहे. खोडावरची काटेरी आवरणे ओरबाडून काढल्यावर आतला गुळगुळीत, हिरवट वेत हाती येतो. तोडलेला ओला वेत तसाच गुंडाळून ठेवला तर काही दिवसांतच त्यावर बुरशीचे निळसर-काळे डाग उमटतात आणि ते पुन्हा जात नाहीत. त्यामुळे तो ताबडतोब खरवडून सुकवावा लागतो.

महाराष्ट्रात राहून सराव करणाऱ्याने जंगलातला वेत तोडू नये. २०१७ साली भारतीय वन कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा झाडाच्या व्याख्येतून बांबू वगळला गेला, वेत मात्र त्या व्याख्येत कायम राहिला. वेताचे फर्निचर बनवणाऱ्यांकडे पातळ वेत किंवा तयार साल विकत मिळते, आणि एका टोपीच्या बांधणीला ती पुरते. बांबू पोकळ, पातळ भिंतीचा, लांब पेरांचा आणि दोन ते तीन वर्षांचा घ्यावा. एका वर्षाचा कोंब सुकल्यावर आक्रसतो, आणि फार जुना बांबू चिरताना तडकतो. कोकणातला माणगा जवळपास भरीव असतो. तो खांबाला आणि फर्निचरला उत्तम आहे, पण पट्टीसाठी सोयीचा नाही. जवळपास बुरूड समाजाची वस्ती असेल तर तिथल्या जाणत्या काकांना किंवा मावशींना विचारून बांबू निवडावा. त्या एका भेटीत जे कळते ते कागदावर सांगणे अवघड आहे.

पानासाठी तिकडे ‘टोको’ नावाच्या ताडाचे पान वापरतात. ते पंख्यासारखे आणि इतके प्रशस्त असते की त्याने घरांची छपरेही शाकारली जातात. आपल्याकडे सरावासाठी ताडाचे कोवळ्यापेक्षा थोडे जून पान चालते.

बांबू आणि वेत पाऊस सरल्यावर, थंडीच्या महिन्यांत तोडलेले असावेत. तोडलेला बांबू दोन ते तीन आठवडे पाण्यात बुडवून ठेवला की त्यातला पिठूळ अंश पाण्यात उतरतो आणि भुंगेऱ्याचे खाद्य कमी होते. हे पाणी वाहते असेल तर उत्तम. साचलेल्या पाण्याला भयंकर वास येतो, त्यामुळे घरातली टाकी यासाठी वापरू नये.

पट्टी काढणे

बांबूचा तुकडा ७५ सेंटीमीटर लांबीचा कापावा. सुरी किंवा लहान कोयता मध्यावर ठेवून त्याचे दोन भाग करावेत, मग प्रत्येक भागाचे पुन्हा दोन, असे नेहमी निम्म्याने विभागत जावे. एका बाजूने कडेकडेच्या पट्ट्या सोलत गेले तर चीर पातळ बाजूकडे पळते आणि पट्टी मध्येच सुटते. निम्म्याने चिरतानाही चीर कधी एका अंगाला सरकते. तेव्हा जाड राहिलेला भाग जास्त वाकवावा आणि पातळ भाग सरळ ठेवावा, म्हणजे चीर हळूहळू परत मध्यावर येते. सगळ्या चिरकामाचे मर्म या एका युक्तीत आहे. ती हाताला बसेपर्यंत दहा-बारा तुकडे वाया जातील, आणि तितके आधीच जास्तीचे ठेवावेत.

सुमारे ८ मिलिमीटर रुंदीच्या कामट्या तयार झाल्या की त्यांची पाठ आणि पोट वेगळे करावे लागते. बाहेरची चकचकीत बाजू म्हणजे पाठ. तिच्यात तंतू दाट असतात आणि सगळी ताकद तिथेच असते. आतले पोट मऊ आणि ठिसूळ असते. सुरीचे पाते कामटीच्या टोकाच्या जाडीत घालून पाठीचा पातळ थर उचलावा आणि पुन्हा वरचीच युक्ती वापरत तो शेवटपर्यंत न्यावा. पेराच्या गाठीपाशी घाई केली तर पट्टी तिथेच तुटते, म्हणून गाठ आधी बाहेरून अलगद तासून सपाट करावी.

नामसाईच्या बाजूला एका चांगघरात, म्हणजे खांबांवर उचललेल्या घरात, चुलीशेजारी बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांना मी हे काम करताना पाहिले. सुरी त्यांच्या उजव्या हातात जवळजवळ स्थिर होती, आणि डावा हात कामटी तिच्यावर पुढे सारत होता. उजव्या हाताच्या अंगठ्याला कापडाची चिंधी गुंडाळलेली होती, आणि पट्टी पाते सोडून बाहेर येताना त्या अंगठ्याखालून सरकत होती, म्हणजे अंगठा प्रत्येक इंचाची जाडी मोजत होता. मी तोवर उलटे करत होतो, कामटी धरून सुरी ढकलत होतो. तिथून परतल्यावर मी हात बदलले आणि माझ्या पट्ट्यांची जाडी पहिल्यांदा सारखी आली.

रुंदी सारखी करण्यासाठी लाकडाच्या ओंडक्यात दोन धारदार पाती ५ मिलिमीटर अंतरावर समांतर उभी ठोकावीत आणि प्रत्येक पट्टी त्यांच्यामधून ओढून घ्यावी. दोन्ही कडा एकाच वेळी तासल्या जातात. नंतर पट्टी सुरीच्या धारेखालून, पोटाची बाजू धारेकडे ठेवून, तीन-चार वेळा ओढली की जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास येते. पट्टी दोन्ही टोकांना धरून कमान करावी. कमान गोलसर आली तर पट्टी चांगली, आणि कुठे कोन पडला तर तिथे ती पातळ आहे आणि विणताना तिथेच मोडेल. अशा पट्ट्या निर्दयपणे बाजूला काढाव्यात. ४५ सेंटीमीटर व्यासाच्या टोपीला प्रत्येक जाळीसाठी सुमारे ४५, म्हणजे दोन्ही मिळून ९० पट्ट्या लागतात. शंभर तयार ठेवाव्यात.

वेताची साल काढणे याच तत्त्वावर चालते. पातळ वेत चार भागांत चिरून आतला सच्छिद्र गाभा तासून टाकावा आणि ३ मिलिमीटर रुंदीची सालीची दोरी शिल्लक ठेवावी.

जाळी विणणे

उघडी षटकोनी जाळी ही तीन दिशांची वीण आहे. आपल्या सूप-टोपल्यांच्या आडव्या-उभ्या विणीत दोनच दिशा असतात. इथे तिसरी येते, आणि तिच्यामुळेच जाळी इतकी विरळ असूनही सरकत नाही. आधी सपाट जाळीवर सराव करावा, तोही पुठ्ठ्याच्या किंवा प्लास्टिकच्या पट्ट्यांवर केला तरी चालेल. पहिल्या दिशेच्या पट्ट्या ३ सेंटीमीटर अंतराने समांतर मांडाव्यात. दुसऱ्या दिशेच्या पट्ट्या त्यांच्यावर ६० अंशांत नुसत्या ठेवाव्यात, गुंफू नयेत. आता तिसऱ्या दिशेची पट्टी घालायची. ती वर असलेल्या पट्टीच्या वरून आणि खाली असलेल्या पट्टीच्या खालून जाते. एवढा एकच नियम आहे: वरचीच्या वर, खालचीच्या खाली. तो पाळला की तिन्ही दिशा एकमेकींना अडकवतात, मध्ये षटकोन उघडे राहतात आणि त्यांच्या भोवती लहान त्रिकोण तयार होतात.

सगळी घरे षटकोनी असतील तोवर जाळी सपाटच राहते. शंकू हवा असेल तर शेंड्याच्या घराची एक बाजू कमी करावी लागते. शेंड्याला पंचकोन ठेवला तर शेंड्याचा कोन सुमारे ११३ अंशांचा पडतो, आणि ४५ सेंटीमीटर व्यासाची टोपी सुमारे १५ सेंटीमीटर उंच, पसरट होते. चौकोन ठेवला तर कोन सुमारे ८४ अंशांचा आणि उंची सुमारे २५ सेंटीमीटर होते. अशी उंच टोपी वाऱ्यात डगमगते. शेतटोपीला पंचकोन योग्य आहे. शाळेत कागदाच्या वर्तुळातून पाचर कापून शंकू करतात, तीच भूमिती इथे पट्ट्या न कापता साधलेली आहे, आणि ती पाहताना मला दरवेळी नवल वाटते.

सुरुवात पाच पट्ट्यांनी करावी. पट्ट्या आधी अर्धा तास पाण्यात भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेल्या असाव्यात. मी पहिल्या खेपेला कोरड्या पट्ट्या वापरल्या आणि शेंड्यापाशी, जिथे वाकण सर्वांत जास्त असते तिथेच, पाचपैकी तीन तडकल्या. पाच पट्ट्यांचा पंचकोन असा जुळवावा की प्रत्येक पट्टी एका शेजारणीच्या वर आणि दुसरीच्या खाली राहील. पुठ्ठ्याच्या खोक्याची झाकणे एकमेकांत अडकवून बंद करताना जसे करतो तसेच. या पट्ट्या पुढे वाढवल्या की पंचकोनाभोवती पाच टोकांची चांदणी दिसते. चांदणीच्या प्रत्येक टोकाशी दोन पट्ट्या एकमेकींना छेदतात. तिथेही कोण वर आणि कोण खाली हे नीट पाहावे, कारण इथली चूक काठापर्यंत पसरते.

आता दुसऱ्या फेरीच्या पाच पट्ट्या घालाव्यात. प्रत्येक पट्टी चांदणीच्या एकेका टोकाच्या लगेच बाहेरून, वरचीच्या वर आणि खालचीच्या खाली या नियमाने न्यावी, म्हणजे ते टोक जागीच बंद होते. फेरी पूर्ण होताच मधला भाग आपोआप फुगू लागतो. त्याला दाबून सपाट करण्याचा मोह आवरावा, उलट तळवा खाली धरून त्याला वर उचलू द्यावे. यानंतरही प्रत्येक फेरीला पाच पट्ट्या घालत, पहिल्या दोन धरून एकूण नऊ फेऱ्या कराव्यात. शेंडा सोडला तर कुठेही पाच किंवा सात बाजूंचे घर दिसता कामा नये. दिसले तर तिथे एक पट्टी चुकली आहे, आणि ती उसवूनच दुरुस्त करावी. दर दोन फेऱ्यांनंतर ओल्या हाताने पट्ट्या शेंड्याकडे सरकवून घट्ट कराव्यात. दुसरी जाळी याच पद्धतीने, पण किंचित मोठी विणावी, कारण ती पानांच्या थरावर बसायची असते.

पान, काठ आणि चुंबळ

पाने वजनाखाली दाबून सावलीत वाळवलेली असावीत. वापरण्यापूर्वी त्यांवर पाणी शिंपडून ती नरम करावीत. आतली जाळी उपडी ठेवून पाने काठापासून लावायला सुरुवात करावी आणि शेंड्याकडे जावे, म्हणजे वरचे पान खालच्या पानावर चढेल. कौले किंवा गवत शाकारताना हाच क्रम असतो. तो उलटा झाला तर पाणी थेट आत येते. दोन पाने किमान तीन बोटे एकमेकांवर यावीत आणि वरच्या ओळीचा जोड खालच्या ओळीच्या जोडावर येऊ नये. शेंड्यावर एक अखंड गोल तुकडा ठेवून त्यावर दुसरी जाळी बसवावी.

काठासाठी सुमारे दीड मीटर लांबीच्या दोन कामट्या घ्याव्यात. टोके १० सेंटीमीटरपर्यंत निमुळती तासून एकमेकांवर ठेवली की जोड जाड दिसत नाही. एक कडे आतून आणि एक बाहेरून लावून मधले तिन्ही थर चिमट्यासारखे धरावेत आणि चार ठिकाणी तात्पुरते दोऱ्याने बांधावेत. मग भिजवलेली वेताची साल घेऊन गोल फेऱ्यांनी काठ बांधायला लागावे. सेंटीमीटरभर अंतराने फेरे घातले तर सुमारे ६ मीटर साल लागते, आणि फेरे एकमेकांना चिकटवून घातले तर तिप्पटीहून अधिक. वेत सुकताना किंचित आक्रसतो आणि बांधणी स्वतःहून आवळली जाते, म्हणून तो कोरडा कधीही वापरू नये. बाहेर आलेली पट्ट्यांची टोके बांधणी पूर्ण झाल्यावरच छाटावीत.

चुंबळीचे कडे डोक्याच्या घेरावर ठरते. ५७ सेंटीमीटर घेराच्या डोक्याला सुमारे १८ सेंटीमीटर व्यासाचे कडे लागते. ते आतल्या जाळीला चार-पाच ठिकाणी वेताने असे टांगावे की टाळू आणि शेंडा यांच्यामध्ये हवा खेळायला जागा उरेल. डोके जाळीला थेट टेकले तर घामाने पान कुजते. हनुवटीखालून बांधायची दोरी याच कड्याला बांधावी, काठाला बांधू नये, कारण वाऱ्याचा हिसका काठ सहन करत नाही.

तयार टोपी तिकडे चुलीवरच्या मचाणावर ठेवली जाते. काही आठवड्यांच्या धुराने तिला तांबूस तपकिरी रंग येतो आणि कीड दूर राहते. गॅसच्या स्वयंपाकघरात याला पर्याय नाही. व्हार्निश लावण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात, पण त्याने पट्ट्यांचा श्वास कोंडतो आणि आत राहिलेला ओलावा बाहेर पडत नाही, असा माझा अनुभव आहे.

विकत घेताना आणि जपताना

टोपी तिथेच जाऊन घ्यायची असेल तर अरुणाचलात प्रवेशासाठी इनर लाइन परमिट आधी काढावे लागते. आसाममधील दिब्रुगड किंवा तिनसुकियामार्गे रस्त्याने नामसाईला पोहोचता येते. एप्रिलच्या मध्यात येणाऱ्या सांगकेन या नववर्षाच्या उत्सवात गावे गजबजलेली असतात, त्यामुळे काम पाहायचे असेल तर थंडीचा काळ बरा. लाल कापडाने आणि नक्षीने सजवलेली फुलाम जापी ही असमिया वस्तू आहे. ती सुंदर असते, पण खामती म्हणून कोणी विकत असेल तर घेऊ नये. निशी टोपीवर धनेशाची चोच बसवलेली असते. ती खरी असेल तर विकणे आणि विकत घेणे दोन्ही गुन्हा आहे, म्हणून ती तंतुकाचेची (फायबरग्लासची) किंवा लाकडी असल्याची खात्री करून घ्यावी.

टोपी उजेडाकडे धरून आतून पाहावे. पानांतून प्रकाशाचा ठिपका दिसला तर तिथून पाणी येणार. काठ दोन्ही हातांनी हलका पिळून पाहावा. बांधणी कुरकुरली तरी चालते, सरकली तर चालत नाही. भाव करताना त्या शंभर पट्ट्या आठवाव्यात.

मुंबई-कोकणच्या दमट हवेत या टोप्यांना बुरशी धरते. पावसाळ्यात ती भिंतीला चिकटून टांगू नये. काठाला खुंटीवर अडकवली तर काही महिन्यांत घेर लंबगोल होतो, म्हणून आतल्या कड्याला दोरी बांधून छतापासून उलटी टांगावी. बुरशी दिसली तर कोरड्या मऊ ब्रशने घराबाहेर झाडावी, ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाऱ्यावर सुकवावी. कडक उन्हात तासाभरापेक्षा जास्त ठेवली तर पान कुरळते. टोपीखाली पिठासारखी बारीक भुकटी पडू लागली तर भुंगेरा लागला आहे असे समजावे. तेव्हा टोपी प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवावी आणि बाहेर काढल्यावर पूर्ण दिवस पिशवी उघडू नये, म्हणजे बाहेरच्या हवेतले पाणी पट्ट्यांवर जमत नाही. घरच्या फ्रीझरमध्ये एवढा घेर मावत नाही, त्यासाठी ओळखीच्या आइस्क्रीमवाल्याचा किंवा मासळीवाल्याचा मोठा फ्रीझर मागून घ्यावा. मासळीवाल्याचा असेल तर पिशव्या दोन वापराव्यात.

सुकलेल्या हवेत, विशेषतः मार्च ते मे या काळात, वेताची बांधणी ठिसूळ होते. महिन्यातून एकदा काठावर पाण्याचा हलका फवारा मारून टोपी सावलीत ठेवावी. एखादा फेरा तुटलाच तर तेवढाच भाग भिजवलेल्या नव्या सालीने पुन्हा बांधावा, आणि नव्या सालीचे टोक जुन्या तीन फेऱ्यांखालून ओढून घ्यावे.